रांगेतला बारावा दगड

एका जंगलात, मुलांनो, एक खवल्या मांजर राहत होतं. जंगलच होतं, असं वाटतं. पण ते दाट होतं की विरळ, घाटाच्या वर होतं की खाली, हे आता खात्रीने सांगवत नाही. कदाचित जंगलाला लागून असलेली एखादी वसाहतही असेल. ज्याने मला ही गोष्ट सांगितली त्याचं वय झालं होतं, आणि माझं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं. तेव्हा काही चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या. हात वर करू नका. मी गोंधळतो.

खवल्या मांजर हे मांजर नसतं. अंगभर खवले, लांब जीभ, आहार मुंग्या. भीती वाटली की ते नाक पोटात घालतं, शेपटी वरून ओढून घेतं आणि चेंडूसारखं गोल होतं. मग ते दुरून दगडासारखं दिसतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

या खवल्या मांजराला सगळे खवलेराव म्हणत. खवलेराव वारूळ खात्यात वरिष्ठ मोजणीदार होते. जंगलात वारुळं किती, त्यातली चालू किती, पडीक किती, याची ते नोंद ठेवत. त्यांचं शिक्षणही त्यातच झालं होतं. 'पूर्वाभिमुख आणि पश्चिमाभिमुख वारुळांचा तुलनात्मक अभ्यास' असा त्यांचा प्रबंध होता. तो तिघांनी वाचला होता. त्यातले दोघे परीक्षक होते.

खवल्या मांजर रात्री हिंडतं आणि दिवसा झोपतं, असं तुमच्या पुस्तकात असेल. बरोबर आहे. पण नोकरी लागली की सकाळी उठावंच लागतं.

खवलेरावांना मतं फार होती. पायवाटांबद्दल, माकडांच्या शाळेबद्दल, हल्लीच्या मुंग्यांबद्दल. ही सगळी मतं ते घरी, जेवताना मांडत.

"या जंगलाचं काही खरं नाही," ते म्हणत.

"मुंग्या पळतायत," खवलेवहिनी म्हणत. "आधी जेवा."

त्यांची मुलगी शेवू मात्र डोळे मोठे करून ऐकत असे. एवढं सगळं ठाऊक असलेला बाप दुसऱ्या कोणाचा नाही, असं तिला वाटे. बापालाही तसंच वाटे, पण घराबाहेर पडलं की वाटेनासं होई.

आता पाण्याचं सांगतो. कारण गोष्ट पाण्याचीच आहे.

त्या जंगलात उन्हाळ्यात एकच झरा वाहायचा. त्याच्या तोंडावर एक मोठी शिळा होती. गजाभाऊ नावाचा हत्ती रोज सकाळी ती बाजूला करायचा आणि ऊन पळसाच्या शेंड्यावर आलं की परत लावायचा. तेवढ्या वेळात ज्याने पाणी भरलं त्याचं भरलं. गजाभाऊला सगळे अदबीने नमस्कार करत. वाघालाही एवढे करत नसत.

अर्थातच रांग लागे. आणि रांगेत ताटकळायला वेळ कोणाला आहे? म्हणून जंगलात एक पद्धत पडली होती. पहाटे यायचं, रांगेत एक दगड ठेवायचा आणि घरी जाऊन झोपायचं. पुढचा माणूस, म्हणजे प्राणी, पाणी भरून गेला की रांगप्रमुख वानर सगळे दगड एकेक जागा पुढे सरकवी. नंबर आला की तो ओरडे, "हा दगड कोणाचा?" मालकाने किंवा त्याच्या घरच्या कोणी येऊन "आमचा" म्हणायचं, पाणी भरायचं आणि दगड घरी न्यायचा. उद्या लागतो. तीन हाकांत कोणी आलं नाही, तर दगड बाहेर.

खवलेरावांना ही पद्धत मुळीच मान्य नव्हती.

"रांग म्हणजे स्वतः उभं राहणं," ते म्हणत. "दगड कसला ठेवता? उद्या दगडच कारभार करतील."

"बरं," वहिनी म्हणत. "पण आजचं पाणी?"

तिथेच घोडं अडे. कारण खवलेराव स्वतः उभे राहत, आणि स्वतः उभ्या राहणाऱ्याला तोंड असतं, चेहरा असतो, भीड असते. ससाबाई येऊन म्हणे, "काका, पोरं घरी एकटी आहेत हो." काका म्हणत, "जा ना, जा." कोल्हा म्हणे, "कचेरीला उशीर होतोय, साहेब." खवलेरावांनाही होत असे. पण ते म्हणत, "या, या, पुढे या." बगळा म्हणे, "मी काय, नुसती चोच बुडवणार." तो मान बुडेपर्यंत प्यायचा. आणि जाताना प्रत्येक जण म्हणे, "तुमच्यासारखे समजूतदार फार कमी राहिले."

शेवटी येई डुक्करदादा. हे रानडुक्कर अंगाने आडवं होतं. ते काही विचारत नसे. "सरक," एवढंच म्हणे आणि आपले दहा तुंबे पुढे मांडी. तुंबा म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा. दहावा तुंबा भरेपर्यंत ऊन शेंड्यावर आलेलं असे.

दगडांच्या पुढे मात्र कोणी घुसत नसे. डुक्करदादासुद्धा नाही. दगडाला विनंती कशी करणार?

मग समजूतदार खवलेराव अर्धा तुंबा पाणी घेऊन घरी येत आणि रांगेबद्दल आपलं मत मांडत.

"हे सगळं त्या डुकराला सांगा ना," वहिनी एकदा म्हणाल्या. "मी रोज ऐकते. मी एकदाही पुढे घुसलेली नाही."

असे दिवस चालले होते. आणि मग एका रात्री शेवूला ताप भरला.

पहाटेपर्यंत तिचे खवले तव्यासारखे तापले. अस्वलवैद्य आले. त्यांनी नाडी पाहिली, आपल्याच पंजावरचा मध चाटला आणि म्हणाले, "अंग पुसून काढायला हवं. ओलं फडकं, सारखं. दोन तुंबे तरी पाणी लागेल. ऊन पळसाच्या शेंड्यावर यायच्या आत करा. एकदा ताप डोक्यात गेला की माझ्या हातात काही नाही."

घरात पाणी होतं अर्धा तुंबा. तेही कालचं.

"मी जातो," खवलेराव म्हणाले. "आज पूर्ण भरून आणतो. आज मी बोलणार आहे."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन तुंबे त्यांच्यापुढे ठेवले.

शेवूने मात्र डोळे उघडले. "बाबा, डुक्करदादाला बोलणार?"

"बोलणार."

"मोठ्याने?"

"मोठ्याने," खवलेराव म्हणाले, आणि दोन तुंबे घेऊन निघाले. घाईत चष्मा घरीच राहिला.

वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं. 'दादा, मी आधीपासून उभा आहे.' मग त्यांना वाटलं, 'दादा' कशाला? हा काय आपला भाऊ आहे? पण 'दादा' काढलं तर उर्मट वाटेल. मग 'आधीपासून' ऐवजी 'बऱ्याच वेळापासून' केलं. पण आत्ताच जाऊन उभं राहणार असताना 'बऱ्याच वेळापासून' म्हणणं खरं ठरलं नसतं. ते परत 'आधीपासून'वर आले. झऱ्यापाशी पोचेपर्यंत वाक्याचे सात खर्डे झाले होते आणि पहिलाच कायम झाला होता.

झऱ्यापाशी अजून धूसर होतं. रांगेत एकही प्राणी नव्हता. नुसते दगड. खवलेरावांनी डोळे बारीक करून मोजले. अकरा. लहान, मोठे, एक गुळगुळीत, एक खडबडीत. मालक घरी लोळत असणार.

वर फांदीवर रांगप्रमुख वानर बसला होता. छातीवर पानाचा बिल्ला होता. पण त्याला सोबत म्हणून धरण्यात अर्थ नव्हता. तो पदसिद्ध तटस्थ होता.

खवलेराव बारावे उभे राहिले. तुंबे शेजारी ठेवले आणि वाक्य म्हणून पाहिलं. ठीक वाटलं.

तेवढ्यात मागून पालापाचोळा वाजला. डुक्करदादा आला होता. तोही आज लवकर.

"सरक," तो म्हणाला.

खवलेरावांनी घसा खाकरला.

डुक्करदादा थांबला. खवलेरावांकडून त्याने आजवर कधी खाकरणंसुद्धा ऐकलं नव्हतं. त्याने सुळे वर केले आणि विचारलं, "काय?"

मुलांनो, या प्रश्नाला उत्तर तयार होतं. सात वेळा तपासलेलं होतं. खवलेरावांनी आधी मागे पाहिलं. कोणी नाही. पुढे पाहिलं. अकरा दगड. एक जरी जिवंत प्राणी तिथे असता! नुसती मान हलवायला, नुसतं 'अहो खरंय' म्हणायला! खवलेरावांनी तोंड उघडलं. "दा," ते म्हणाले.

आणि त्यांचं नाक पोटात गेलं. शेपटी वरून आली. त्यांनी ठरवून काही केलं नाही. अंगाने आपलं आपण केलं. पुढच्या क्षणी बाराव्या जागेवर एक मध्यम आकाराचा, खवलेदार, करडा दगड होता.

डुक्करदादाची नजर काही फार चांगली नव्हती. त्याने इकडे तिकडे हुंगलं. "आत्ता इथे कोणीतरी उभं होतं ना?"

रांगप्रमुखाने खाली पाहिलं. तो त्या वेळी ऊ शोधत होता. "बारा नंबर? दगड आहे."

"कोणाचा?"

"मला काय माहीत? नंबर आला की कळेल."

डुक्करदादा विचारात पडला. समोर खवलेराव उभे असले की ते खवलेरावच असत, त्यात भ्यायचं काही नसे. पण दगडाचं तसं नव्हतं. दगड कोणाचाही असू शकतो. लांडग्यांच्या घरचा असेल. न जाणो, वाघिणीने पाठवलेला असेल.

"राहू दे बाबा," तो म्हणाला, आणि आपले दहा तुंबे घेऊन मागे, तेराव्या जागेवर, गपचूप बसला.

आत, स्वतःच्या पोटापाशी, खवलेरावांनी हे सगळं ऐकलं. त्यांना आधी बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं. आपण उभे असताना जे वीस वर्षांत झालं नाही, ते आपण नाहीसे झाल्यावर झालं. यावर एक प्रबंध होऊ शकेल, असंही त्यांच्या मनात आलं. मग शेवूची आठवण आली आणि प्रबंध मागे पडला.

गजाभाऊने शिळा सरकवली. पाणी सुरू झालं.

"हा दगड कोणाचा?"

"आमचा," कोणाची तरी सून म्हणाली. पाणी भरलं. मग वानराने काठीने खवलेरावांना एक जागा पुढे ढकललं.

"हा दगड कोणाचा?"

"आमच्या घरचा," कोणाचा तरी मुलगा म्हणाला. आणखी एक ढकल.

असं चाललं. ससाबाईचा आवाज आला. "कोणाचा हो हा दगड? विचारलं असतं, पण दगडाला काय विचारायचं," असं म्हणून ती निमूट शेवटी गेली. कोल्ह्याने तर बाजूने जाताना नमस्कारही केला. खवलेरावांना आयुष्यात कोल्ह्याने कधी नमस्कार केला नव्हता.

पाचवा नंबर. चौथा. तिसरा. अंगावरचं ऊन वाढत होतं. आणि तेव्हा कुठे खवलेरावांच्या लक्षात आलं की, नंबर आल्यावर आपल्याला 'आमचा' कोण म्हणणार?

स्वतः म्हणावं, तर उलगडावं लागेल. उलगडलं की दगड राहणार नाही. दगड राहिला नाही की नंबर गेला. डुक्करदादा मागेच आहे, आणि फसवलं म्हणून चिडेलही. न उलगडावं, तर तीन हाका होतील आणि वानर आपल्याला बाहेर काढेल. त्यांनी दोन्ही बाजूंचा नीट विचार केला. शिकलेल्या प्राण्याला दोन्ही बाजू दिसतात. त्यामुळे तो मधोमध अडकतो.

"हा दगड कोणाचा?" वानर ओरडला.

पहिली हाक.

खवलेरावांनी शेपटी सैल केली. नाक थोडं बाहेर काढलं. समोर डुक्करदादाचे पाय दिसले. नाक आत गेलं.

"हा दगड कोणाचा?"

दुसरी हाक. डुक्करदादा उठला. तुंबे एकमेकांवर आपटले. "कोणी नसेल तर काढा ना बाहेर," तो म्हणाला. "ऊन बघा किती वर आलंय."

तिकडे घरात, मुलांनो, अर्धा तुंबा पाणी केव्हाच संपलं होतं. हे खवलेरावांना आत बसून समजत होतं. तरी त्यांचं अंग उघडेना. ते आतल्या आत ओरडत होते. 'माझा! माझा! मी माझा!' पण आतलं ओरडणं बाहेर ऐकू येत नाही. खवले जाड असतात.

वानराने तिसऱ्यांदा तोंड उघडलं.

"आमचा आहे तो."

खवलेवहिनी आल्या होत्या. वाट पाहून पाहून त्या निघाल्या होत्या. शेपटीवर शेवू होती, डोळे मिटलेली. खवल्या मांजरांत आई पोरांना शेपटीवरच घेते. वहिनींनी आधी रांग पाहिली, मग बाजूला पडलेले आपले दोन रिकामे तुंबे पाहिले, मग दगड पाहिला. त्यांना सगळं समजायला एक क्षण लागला.

"कशावरून तुमचा?" डुक्करदादाने विचारलं.

"कशावरून म्हणजे?" वहिनी म्हणाल्या. "वीस वर्षं घरात आहे आमच्या. त्याची कड न कड मला माहीत आहे. असाच गप्प बसून असतो. जड आहे, पण आपला आहे. तुम्ही सरका जरा. पोर आजारी आहे."

डुक्करदादा सरकला. खरंच सरकला. कोणी त्याला असं सांगावं, याची त्याला सवय नव्हती आणि नाही कसं म्हणायचं हेही ठाऊक नव्हतं.

वहिनींनी दोन्ही तुंबे काठोकाठ भरले. तिथेच शेवूला ओल्या फडक्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत पुसून काढलं. मग तुंबे गळ्यात अडकवले आणि दगड पायाने लोटत लोटत घरी आणला. वाटेत एक चढ होता. त्या चढावर त्या एकदाच बोलल्या. "मुंग्या जरा कमी खात जा."

घरी आल्यावर खवलेराव उलगडले. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. शेवूने डोळे उघडले आणि विचारलं, "बाबा, बोललात?"

खवलेराव जमिनीकडे पाहू लागले.

"बोलले ना," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर पाणी कुठून आलं असतं?"

शेवूने दुसऱ्या दिवशी हे शाळेत सांगितलं. आठवड्याभरात सगळ्या पोरांना ठाऊक झालं. खवलेराव ते नाकारायला तीनदा निघाले. तीनदाही वाटेत त्यांना वाटलं, नेमक्या कोणत्या शब्दांत नाकारावं?

आणि तेव्हापासून रोज पहाटे वहिनी त्यांना लोटत झऱ्यावर नेऊन ठेवू लागल्या. पाणी रोज भरपूर मिळू लागलं. दगडांविरुद्धची आपली मतं खवलेराव पूर्वीसारखीच घरी मांडत. फक्त जरा हळू आवाजात.

पण एक गोष्ट त्यांना सलत राहिली. कोणी नसलं की ते स्वतःशी म्हणत, 'एक जरी जिवंत प्राणी त्या सकाळी रांगेत असता, तर मी बोललो असतो. दगडांसमोर काय बोलायचं?' हे वाक्य त्यांना फार आधार देई. त्याच्यावर त्यांची पुष्कळ वर्षं निघाली.

मग एकदा कासवनानांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. कासवांच्या हिशोबाने ही ऐन उमेद म्हणायची, पण मुलांनी हौस केली. तिथे कोणीतरी पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणालं, "हे खवलेराव. डुक्करदादाला तोंडावर सुनावणारे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खवलेरावांच्या अंगाची गुंडाळी होऊ लागली.

कासवनानांनी त्यांना हळूच बाजूला घेतलं.

"कधीची गोष्ट ही?" त्यांनी विचारलं. "शेवू आजारी होती ती सकाळ? अहो, मी होतो तिथे."

"कुठे होतात?" खवलेराव दचकले. "रांगेत तर कोणी नव्हतं. अकरा दगड होते."

"नववा मी," कासवनाना म्हणाले. "गुळगुळीत. पहाटेच आलो होतो. डुक्करदादाला बोलायचंच, असं ठरवून आलो होतो. पण पाहतो तर पुढे आठ दगड. म्हटलं, एकट्याने काय बोलायचं? मान आत घेतली. मग मागे कोणीतरी खाकरलं. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आता हा बोलला की मी मान बाहेर काढतो. पण तो 'दा' म्हणाला आणि थांबला." नानांनी मान थोडी आत घेतली. मग म्हणाले, "एक जरी जिवंत प्राणी शेजारी असता ना, खवलेराव, तर मी बोललो असतो."

 खवलेरावांनी घरी जाऊन एक पान घेतलं आणि त्या सकाळच्या रांगेची यादी करायला बसले. मोजणीदारच ते. घरोघर जाऊन त्यांनी चौकशी केली. तिला आठ महिने लागले. कासवनाना धरून सात जणांनी स्वतः कबूल केलं. तिघांच्या बायकांनी सांगितलं. एक थोरला बेडूक मधल्या काळात वारला होता, पण त्याच्या मुलाने दुजोरा दिला. बारावे खवलेराव स्वतः. त्यांनी बेरीज दोनदा तपासली.

त्या सकाळी रांगेत एकही दगड नव्हता.

तात्पर्य : अन्याय दिसला की ताठ उभं राहून बोलावं, असं तुमच्या पुस्तकात या जागी छापलेलं असेल. परीक्षेत तेच लिहा, मार्क मिळतील. एरवी मात्र, मुलांनो, नीट गुंडाळून बसायला शिका. आणि हे झेपावं म्हणून घरात असं एक माणूस जोडून ठेवा, जे तिसऱ्या हाकेच्या आत येऊन 'आमचा आहे तो' असं म्हणेल.